मेंटॉरचे रूप, मेंटॉरचे काम

होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियस युद्धावर निघताना आपले घर मेंटॉर या मित्राच्या हवाली करतो. मार्गदर्शकाला आज त्याचेच नाव लाभले आहे. पण काव्यात राजपुत्र टेलेमॅकसला धीर देते ती मेंटॉरचे रूप घेतलेली अथेना. मेंटॉरला आदर्श गुरूची प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या १६९९ मधील ‘तेलेमाक’ या कादंबरीमुळे.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील लिपिक अर्नेस्ट कूल्टर यांच्यासमोर मात्र राजपुत्र नव्हते. गुन्ह्यांसाठी हजर केलेली गरीब मुले होती. एका चर्चच्या पुरुषमंडळाला त्यांनी आवाहन केले की, प्रत्येकाने एकेका मुलाचा मित्र व्हावे. ४० जण पुढे आले. त्यातून उभी राहिलेली ‘बिग ब्रदर्स’ चळवळ १९७७ मध्ये ‘बिग सिस्टर्स’शी एकरूप झाली.

सुखवस्तूंच्या या मैत्रीत उपकाराची भावना डोकावत असेलही. परंतु तिची खरी कसोटी काळाची होती. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या २००२ मधील अभ्यासात वर्षभर वा अधिक टिकलेल्या नात्यांचा लाभ सर्वाधिक दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनंतर मात्र मुलांचा आत्मसन्मान उलट घटलेला आढळला.

अथेना काम होताच रूप टाकून अंतर्धान पावते. देवतेला ते शोभते. आधीच कुणी सोडून गेलेल्या मुलाला मात्र असा सद्‌हेतू म्हणजे आणखी एक परित्यागच वाटतो. समाजसेवेच्या ठरावीक तासांसाठी विद्यार्थ्यांना अशा मुलांकडे धाडणाऱ्या आपण अध्यापकांनी हे विसरता कामा नये.