धनुष्याचीं चाकें

१९६२ नंतर वागळे इस्टेटींत कारखान्यांचीं चाकें फिरूं लागलीं, तेव्हां ठाणें जिल्ह्याच्या रानांत वारल्याचा बांबूचा कामठा चाकावांचूनच चाले. दोर ओढावा तसतसा भार वाढे. अमेरिकेंतील हॉलेस ॲलन यांनीं धनुष्याच्या टोकांस आंस मध्यावर नसलेलीं चाकें बसवून १९६९ सालीं पेटंट मिळविलें. या चाकांमुळें पुऱ्या ओढीस भार हलका होतो. मात्र दोन्ही चाकें एकदम न फिरल्यास बाण ढळतो. एकचाकी रचनेंत ही अडचण नाहीं. परंतु बाणाची शेपटी सरळ रेषेंत राखणें कठीण. म्हणून पुढें दोन्ही चाकें एकमेकांसच जोडण्यांत आलीं.

२०२३ सालीं साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनीं अशाच धनुष्यानें बर्लिन येथें जगज्जेतेपद मिळविलें. १९७२ च्या कायद्यानें ज्यांचा कामठा भिंतीस टांगला गेला, त्यांच्या मुलांच्या हातीं हें महागडें धनुष्य कोण देणार?