व्हिडिओ गेमच्या कॅसेटची कुळकथा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची उन्हाळ्याची सुट्टी टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर गेली. गेम ज्या प्लॅस्टिकच्या डबीत यायचा तिला सगळे कॅसेटच म्हणत. पडद्यावर नुसते रंगीत पट्टे दिसायला लागले की कॅसेट उपसायची, खालच्या कडेवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. त्या कॅसेटीत टेप नव्हतीच. आत होती एक छोटी सर्किटपट्टी आणि तिच्यावरच्या चिपमध्ये कायमचा भरलेला प्रोग्रॅम. या डबीचं कूळ शोधत गेलं की आपण १९७६ सालच्या अमेरिकेत, जेरी लॉसन या अभियंत्यापाशी पोचतो.

त्याआधी यंत्र आणि खेळ वेगळे नव्हते. १९७२ साली आलेल्या मॅग्नावॉक्स ओडिसीला बदलायची कार्डं होती, पण त्यांत प्रोग्रॅम नसायचा. यंत्रात आधीच असलेल्या सर्किटांची जोडणी तेवढी ती बदलत. १९७५ साली अटारीचा ‘पाँग’ घरात आला, तोही एकाच खेळाचा डबा. खेळाचा कंटाळा आला की डबाच अडगळीत जायचा.

कनेटिकटमधल्या अल्पेक्स या कंपनीत वॉलेस कर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांनी यावर तोड काढली. मायक्रोप्रोसेसर यंत्रात ठेवायचा आणि खेळाचा प्रोग्रॅम वेगळ्या, काढता-घालता येणाऱ्या सर्किट बोर्डावर. कल्पना चालत होती, पण ती उघड्या बोर्डांवर. प्रयोगशाळेतल्या माणसाने जपून हाताळायची वस्तू होती ती.

कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरने या कल्पनेचे हक्क घेतले आणि काम लॉसन यांच्याकडे आलं. १९४० साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले लॉसन क्वीन्समध्ये वाढले. वडील गोदीत काम करत. मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून आईने शाळा पालथ्या घातल्या. पोराने तेराव्या वर्षी हॅम रेडिओचा परवाना काढला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करून चार पैसे मिळवले. कॉलेजात गेले, पदवी मात्र घेतली नाही. सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळात ते १९७० साली फेअरचाइल्डमध्ये लागले. पुढे स्वतःच्या गॅरेजमध्ये, कंपनीच्याच एफ-८ प्रोसेसरवर त्यांनी नाणं टाकून खेळायचा गाड्यांच्या टकरींचा गेम उभा केला होता. अल्पेक्सचा नमुना इंटेलच्या ८०८० वर चालत होता; लॉसन यांच्या गटाने तो एफ-८ वर आणला.

खरी परीक्षा पुढे होती. टीव्हीजवळच्या यंत्रातून रेडिओलहरी बाहेर पडू नयेत यासाठी अमेरिकी दूरसंचार आयोगाचे नियम कडक होते. म्हणून यंत्राच्या बोर्डाला ॲल्युमिनियमचं कवच घातलं, कॅसेट जिथे बसते त्या तोंडालाही धातूचं आवरण दिलं, आणि प्रत्येक कॅसेट मंजुरीसाठी पाठवावी लागली. मुलं ती दिवसातून पन्नासदा काढणार-घालणार. तेवढ्याने संपर्कपट्ट्या झिजता कामा नयेत, बोटांतल्या स्थिर विजेने चिप जळता कामा नये. रॉन स्मिथ यांनी यांत्रिक रचना सांभाळली. निक टेल्सफोर यांनी तेव्हाच्या आठ ट्रॅकच्या गाण्यांच्या टेपवरून पिवळ्या डबीचा आकार ठरवला. नोव्हेंबर १९७६ मध्ये यंत्र बाजारात आलं. चॅनल एफ हे त्याचं रूढ झालेलं नाव. किंमत सुमारे १७० डॉलर, एकेक कॅसेट २० डॉलरच्या आसपास. खेळ मध्येच थांबवण्यासाठी त्याला ‘होल्ड’चं बटणही होतं.

बाजार मात्र अटारीने मारला. १९७७ साली आलेल्या तिच्या कॅसेटवाल्या यंत्रापुढे चॅनल एफ मागे पडलं. पण वाट पडली होती. १९७९ मध्ये अटारी सोडलेल्या प्रोग्रॅमरांनी ॲक्टिव्हिजन काढली आणि यंत्र एकाचं, खेळ दुसऱ्याचा असा स्वतंत्र धंदा उभा राहिला. लॉसन यांनीही १९८० मध्ये फेअरचाइल्ड सोडून व्हिडिओसॉफ्ट नावाची कंपनी काढली. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं आणि त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्या बाजारात पोचल्या. आपली कॅसेट ती याच घराण्यातली. फुंकरीने मात्र काही साधत नव्हतं. थुंकीच्या दमटपणाने उलट पट्ट्या गंजत. गेम चालायचा तो कॅसेट पुन्हा बसवल्याने संपर्क नीट जुळायचा म्हणून. फेअरचाइल्डच्या मंडळींनी ज्याची काळजी वाहिली तोच हा संपर्क.

मार्च २०११ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लॉसन यांचा गौरव केला. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला ते गेले. त्यांना कॅसेटचे जनक म्हणतात, तेव्हा कर्शनर आणि हॅस्केल यांचं नाव घ्यायलाच हवं. कल्पना त्यांची होती. पण त्याने लॉसन यांचं श्रेय उणावत नाही. कल्पना सुचणं आणि ती पोरांच्या हातात टिकेल अशी वस्तू होणं, यांत जे अंतर असतं ते लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापलं. आज बहुतेक गेम डाउनलोड होतात आणि डबी दिसेनाशी होत चालली आहे. तरी यंत्र एकदाच घ्यायचं आणि खेळ हवे तितके बदलायचे, ही सोय त्या पिवळ्या डबीपासूनच सुरू झाली. म्हणून गेमच्या इतिहासात यंत्रांच्या नावांआधी लॉसन यांचं नाव शिकवलं जायला हवं.