चिखलाचे दफ्तर

बी.ए.ला इतिहास शिकलो, त्यामुळे दफ्तर म्हटले की मला रुमालात बांधलेले मोडी कागद आठवतात. आज मात्र, श्रोतेहो, चिखलात जपल्या गेलेल्या एका दफ्तराविषयी बोलायचे आहे.

१६ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वेस्ट फाल्मथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू बार्ज खडकांवर चढला. सुमारे ७ लाख लिटर, डिझेलच्या जातीचे तेल समुद्रात गेले. भरतीबरोबर ते वाइल्ड हार्बरच्या खाजणात शिरले. मासे, खेकडे, शिंपल्या मेल्या. खारे गवत करपले. पुढे पाणी निवळले. अशा वेळी प्रकरण तिथेच मिटते. पण जवळच वुड्स होलची समुद्रविज्ञान संस्था होती. तिथल्या मॅक्स ब्लूमर आणि हॉवर्ड सँडर्स या शास्त्रज्ञांनी पाणी निवळल्यावरही नोंदी चालू ठेवल्या.

उघड्यावरचे तेल लाटा, ऊन आणि जिवाणू हळूहळू संपवतात. खाजणाच्या चिखलात मात्र थोडे खाली गेले की प्राणवायू जवळजवळ नसतो. तेल खाणाऱ्या जिवाणूंचे काम तिथे थंडावते. २००० साली त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या खाजणातला चिखल उभा कापून काढला. ६ ते २८ सेंटिमीटर खोलीवर १९६९चे तेल तसेच होते.

त्या खाजणात एक लहान खेकडा राहतो. नराची एक नांगी अंगाच्या मानाने भलीमोठी. त्याच्या बिळांतून चिखलात हवा खेळते, गवताच्या मुळांना ती पोचते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तेल मुरलेल्या जागी त्याची बिळे उथळ आहेत. तेलाचा थर लागला की बीळ आडवे वळते. धोका दिसल्यावर पळण्यातही हे खेकडे मंद झाले होते. अपघात होऊन जवळजवळ चार दशके लोटली होती!

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सांडलेले तेल किनाऱ्यावरच्या तिवरांना लागले. तिवरांखालीही असाच प्राणवायूविना चिखल असतो. म्हणून अशा अपघाताचा पंचनामा पाणी निवळले की बंद करू नये. खाडीवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्यासाठी तरी वर्षानुवर्षे चिखल खणून पाहावा. पाणी विसरते, साक्ष चिखलाची घ्यायची असते.