प्लिनीची अळंबी

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही उभयता मिलानला भाच्याकडे गेलो होतो. एका दुकानात वाळलेल्या पोर्चिनी अळंब्यांच्या चकत्या दिसल्या. “मामा, घ्याच! प्रकृतीला उत्तम,” भाचा म्हणाला. किंमत ऐकून मी पुडी खाली ठेवली. सौभाग्यवतीने ती उचलली. “गुडघ्यांना उतार पडला तर?”

ही आशा काही नवी नाही. पोर्चिनी म्हणजे डुकराची पिले. रोमन लोकही डुकरावरूनच ‘सुइल्ली’ म्हणत, ती बहुधा हीच अळंबी. पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो की, लव्हाळ्यात ओवून वाळवलेली सुइल्ली बिथिनियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, येत. पोटाच्या विकारांवर आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावरील डागांवर ती औषध म्हणून वापरीत. पण तिथेच तो बजावतो की, विषप्रयोगाला ह्यांच्याइतकी सोयीची वस्तू नाही! नीरोच्या काळचा रात्रपहाऱ्याचा प्रमुख अन्नेयुस सेरेनुस ती खाऊनच आपल्या अधिकाऱ्यांसह प्राणास मुकला.

औषध आणि विष एकाच टोपलीत कसे? पोर्चिनी शेतात पिकविता येत नाहीत. ओक, चेस्टनट, बीच ह्या झाडांच्या मुळांशी सोयरीक जमवून ती रानातच उगवतात. तेव्हा सारी भिस्त वेचणाऱ्याच्या नजरेवर. म्हणूनच इटलीत 1995 च्या हुकुमान्वये अळंबी तपासणारी सरकारी केंद्रे स्थापण्यात आली. रानातून आणलेली टोपली तिथे जाणकाराला दाखविता येते.

आणि गुण? 2017 साली अमेरिकेत 13 जातींची अळंबी तपासली, तेव्हा एर्गोथायोनीन हे पेशींचे रक्षण करणारे द्रव्य पोर्चिनीत सर्वांत अधिक आढळले. मात्र द्रव्य आढळणे निराळे आणि रोग बरा होणे निराळे. प्रथिने, तंतू आणि अप्रतिम स्वाद एवढे मात्र पदरात नक्की पडते.

त्या रात्री चकत्या कोमट पाण्यात भिजवल्या, रेती राहू नये म्हणून ते पाणी फडक्याने गाळले आणि त्यातच भात शिजविला. घरभर रानाचा वास दरवळला. पहिला घास घेताना सौभाग्यवतीला कोकणातले माहेर आठवले. “पावसाळ्यात एक म्हातारी अळंबी आणायची. दुसऱ्या कुणाकडून आई कधी घेत नसे.”

प्लिनीचे सारे शहाणपण माझ्या सासूबाईंना न वाचताच ठाऊक होते! गुडघे आहेत तसेच आहेत. पुडी मात्र संपली.