एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवायचा का?

उसाचा हंगाम आला की दौंड तालुक्यात गुऱ्हाळं सुरू होतात. चरकाची मोटार चालू केली की एमसीबी पडतो. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. मग कोणीतरी सुचवतं, '25 चा काढा, 63 चा टाका.' तसं केल्यावर पडणं थांबतं आणि सगळे खूश होतात. काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमधली केबल गरम होऊन तिचं आवरण मऊ पडलेलं दिसतं. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत छोटी वर्कशॉप आहेत, तिथेही गोष्ट हीच.

मुळात एमसीबी कोणासाठी असतो? बहुतेकांना वाटतं मोटारीसाठी. खरं तर तो केबलसाठी असतो. म्हणून क्रम असा लागतो: मोटार जेवढा करंट घेते त्यापेक्षा एमसीबी थोडा मोठा, आणि केबलची क्षमता एमसीबीइतकी किंवा त्याहून जास्त. हा क्रम उलटला की तारेचाच फ्यूज होतो.

हिशोब करून पाहू. 15 एचपीची थ्री-फेज मोटार 415 व्होल्टला साधारण 21 अँपिअर घेते (एचपीला 1.4 ने गुणलं की अंदाज येतो). 4 स्क्वेअर एमएम तांब्याच्या पीव्हीसी केबलचा हवेतला आकडा 30 अँपिअर. पुरेशी वाटते ना? पण हा आकडा भोवतालचं तापमान 40 अंश धरून दिलेला असतो. चुलवाणाच्या शेजारी, पत्र्याखाली ते 50 च्या घरात गेलं तर क्षमता 0.82 पट होते, म्हणजे साडेचोवीस. त्यात एकाच ट्रेवर चार केबली एकमेकींना चिकटून टाकल्या असतील तर आणखी साधारण 0.8 पट. उरले 20 पेक्षा कमी. कागदावर 30 ची केबल आता 21 अँपिअरची मोटारही सोसू शकत नाही. तिथे 6 स्क्वेअर एमएम हवी. तिचे 39 अँपिअर याच दोन कपातींनंतर साडेपंचवीस राहतात, आणि तिच्यावर 25 चा एमसीबी बसतो.

आता त्या जुन्या 4 च्या केबलवर 63 चा एमसीबी ठेवला तर? मानकानुसार एमसीबी त्याच्या आकड्याच्या 1.13 पट करंटला तासभर पडता कामा नये. म्हणजे केबलमधून 71 अँपिअर वाहत असले तरी तो तासभर शांत बसेल.

मग पडतो तो का?

तो कधी पडतो ते आधी बघा. बटण दाबताच पडत असेल तर कारण बहुधा स्टार्टिंग करंट. थेट चालू केलेली मोटार क्षणभर सहा-सात पट, म्हणजे 130 ते 150 अँपिअर ओढते. 'सी' कर्व्हचा 25 चा एमसीबी 125 ते 250 च्या दरम्यान कुठेही तत्काळ पडू शकतो. 'डी' कर्व्हचा 250 च्या पुढे. तेव्हा अँपिअर न वाढवता कर्व्ह बदला किंवा स्टार-डेल्टा स्टार्टर लावा, त्यात सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो.

दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर खरंच ओव्हरलोड आहे: चरकात ऊस जास्त घातला, बेअरिंग जाम झालं, एक फेज गेली किंवा व्होल्टेज कमी आहे. मोटारीची राखण करायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो मोटारीच्या पाटीवरच्या करंटवर लावायचा. स्टार-डेल्टात रिले बहुधा वाइंडिंगच्या वायरवर असतो, तिथे 0.58 पट, म्हणजे आपल्या उदाहरणात 12. कित्येक ठिकाणी त्याची चकती शेवटच्या टोकाला फिरवलेली दिसते, आणि मग मोटार जळाल्यावर दोष वीजपुरवठ्याला.

गावचा डीपी आणि एमआयडीसी

शॉर्टसर्किट झालं की किती करंट धावेल, हे मुख्यतः ट्रान्सफॉर्मरवर ठरतं. गावच्या 63 केव्हीएच्या डीपीजवळ तो साधारण 2 हजार अँपिअर. रांजणगाव किंवा कुरकुंभमधल्या एखाद्या कारखान्याच्या स्वतःच्या 630 केव्हीए ट्रान्सफॉर्मरपाशी सुमारे 17 हजार. '10 केए' लिहिलेला एमसीबी शेतावर निवांत चालेल. त्या कारखान्याच्या मुख्य पॅनलमध्ये मात्र तो करंट तोडायच्या ऐवजी स्वतःच फुटू शकतो. तिथे 25 केए किंवा त्याहून वरचा एमसीसीबी लागतो. (कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत ज्वलनशील वाफा असतील तिथे साधं पॅनलच चालत नाही, पण तो वेगळा विषय.)

भीमेकाठच्या पंपांना आणखी एक अडचण येते, लांबी. 15 एचपीची मोटार डीपीपासून 200 मीटरवर असेल तर 6 स्क्वेअर एमएम तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 23 व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी डीपीवरच 380 मिळत असतील तर मोटारीला उरतात 357. तेवढंच काम करायला ती जास्त करंट ओढते, आणि दहा मिनिटांनी एमसीबी पडतो. 10 स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर ही घट 14 व्होल्टच्या आसपास येते.