बालकांतील प्रतिबंधक अवटू-उच्छेदन

विशिष्ट आनुवंशिक दोषामुळे अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा कर्करोग होणे जवळजवळ अटळ असलेल्या बालकाची संपूर्ण ग्रंथी रोग उद्भवण्यापूर्वीच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस ‘प्रतिबंधक अवटू-उच्छेदन’ म्हणतात. हा कर्करोग मेड्युलरी प्रकारचा असून तो कॅल्सिटोनीन हे हॉर्मोन तयार करणाऱ्या सी-कोशिकांपासून उत्पन्न होतो. तो मानेतील लसीका ग्रंथींत लवकर पसरतो. या कोशिका आयोडीन शोषून घेत नसल्याने अवटूच्या इतर कर्करोगांवर गुणकारी असलेला किरणोत्सर्गी आयोडिनाचा उपचार येथे निरुपयोगी ठरतो.

निरोगी दिसणाऱ्या मुलाची संपूर्ण अवटू ग्रंथी काढणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यचिकित्सकांनी अघोरी मानली असती आणि तेही सकारण. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील टेओडोर कोखर यांनी १८७४ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलीचा गलगंड संपूर्ण ग्रंथीसह काढला. पुढे तिची वाढ खुंटली व बुद्धी मंद झाली. अशाच इतर रुग्णांना पुन्हा तपासून त्यांनी १८८३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण उच्छेदन वर्ज्य ठरविले. हा निर्बंध सैल झाला तो उणीव भरून काढण्याचे साधन हाती आल्यावर. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून रुग्ण सुधारतो हे दाखविले, १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये इतर संशोधकांनी त्याचे संश्लेषण साधले.

मेड्युलरी कर्करोग हा स्वतंत्र प्रकार असल्याचे हॅझर्ड, हॉक व क्राइल यांनी १९५९ मध्ये दाखविले. १९६१ मध्ये जॉन सिपल यांनी अवटूचा कर्करोग व अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुद यांचा संबंध निदर्शनास आणला. पुढे १९६८ मध्ये या आनुवंशिक लक्षणसमूहास ‘बहुविध अंतःस्रावी अर्बुद विकार, प्रकार २’ असे नाव मिळाले. विकार मात्र जुनाच होता. जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे १८८६ मध्ये वर्णन झालेल्या, अधिवृक्काच्या अर्बुदाने मृत्यू पावलेल्या १८ वर्षांच्या मुलीच्या हयात नातेवाइकांत तोच जनुकदोष असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले.

रोगी माता किंवा पित्याच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा खरा प्रश्न होता तो कोणत्या मुलाची ग्रंथी काढावी, हा. १९७० नंतर बॉस्टन व इतर ठिकाणी रोगी घराण्यांतील मुलांच्या रक्तातील कॅल्सिटोनिनाचे मापन सुरू झाले. सी-कोशिकांना उत्तेजित करणारे पेंटागॅस्ट्रिन टोचून ही चाचणी दरवर्षी करीत. तिने अनेकांचे प्राण वाचले. परंतु ती सदोष निघेपर्यंत कित्येकदा ग्रंथीत कर्करोग झालेला असे. उलट, काही निर्दोष मुलांच्या ग्रंथी संशयावरून विनाकारण काढल्या गेल्या. ज्यांची चाचणी वर्षानुवर्षे निर्दोष येई, त्यांची टांगती तलवारही तशीच राही.

१९८७ मध्ये हा दोष दहाव्या गुणसूत्राशी निगडित असल्याचे आढळले आणि १९९३ मध्ये केंब्रिज व सेंट लूइस येथील संशोधकांनी ‘रेट’ या जनुकातील उत्परिवर्तने शोधून काढली. या जनुकापासून बनणारे प्रथिन कोशिकेस वाढीचा संदेश देते. उत्परिवर्तनाने तो संदेश अखंड चालू राहतो. १९९४ मध्ये सॅम्युएल वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ जनुकचाचणीच्या आधारे मुलांवर शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. दोष नसलेली भावंडे या चाचणीमुळे वार्षिक तपासणीतून कायमची मुक्त झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते, तिचे हे फळ शस्त्रक्रियेपेक्षा कमी मोलाचे नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १९ वर्षे वा त्याहून कमी वयात शस्त्रक्रिया झालेल्या ५० जणांपैकी ४४ जणांत किमान पाच वर्षांनंतरही रोग आढळला नाही.

शस्त्रक्रियेचे योग्य वय उत्परिवर्तनाच्या स्थानावर अवलंबून असते, हे यूरोपातील २००३ च्या अभ्यासाने स्पष्ट केले. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ९१८ या स्थानावरील उग्र दोषात आयुष्याच्या पहिल्याच वर्षी, ६३४ या स्थानावरील दोषात पाचव्या वर्षी किंवा त्याआधी आणि सौम्य दोषांत कॅल्सिटोनिनाचे प्रमाण पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरवितात.

अर्भकाच्या परावटू ग्रंथी अतिशय लहान व जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांना इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम आयुष्यभर कमी राहू शकते; स्वरयंत्राच्या तंत्रिकेस धक्का लागल्यास आवाज बिघडतो. थायरॉक्सिन तर जन्मभर घ्यावेच लागते. संमती बालकाची नसून मातापित्यांची असते आणि त्यांपैकी एकाने बहुधा तोच रोग स्वतः भोगलेला असतो. ९१८ स्थानाचा दोष मात्र पुष्कळदा मुलात नव्यानेच उद्भवतो. घराण्यात पूर्वी कोणालाही रोग नसल्याने त्याची चाचणी कोणी करीत नाही. त्यामुळे ज्या बालकांची ग्रंथी सर्वांत लवकर काढावयास हवी, नेमके तीच उशिरा, गळ्यात गाठ दिसू लागल्यावर, शल्यचिकित्सकाकडे येतात.