पंचवीस हजार मतदारांची गोष्ट

‘माझ्या एका मताने काय होणार?’ असं म्हणत मी दोनदा मतदान बुडवून ट्रेकला गेलोय. मग लाहौल-स्पितीबद्दल वाचलं. हिमाचलच्या उत्तर भागातला मतदारसंघ, मतदार जेमतेम पंचवीस हजार! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज याहून जास्त लोक अडकतात.

१९७२मध्ये इथून काँग्रेसच्या लता ठाकुर जिंकल्या, इथल्या पहिल्या महिला आमदार. २०२२मध्ये त्यांचे चिरंजीव रवी ठाकुर. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्यसभेला त्यांनी पक्षाविरुद्ध मत दिलं. पुढे व्हिप मोडल्याबद्दल आमदारकी गेली. जूनच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून उभे राहिले आणि थेट तिसरे! काँग्रेसच्या अनुराधा राणा १,९६० मतांनी जिंकल्या. ५२ वर्षांनी दुसरी महिला.

आईची पुण्याईही कामी आली नाही. असो, पुढच्या वेळी ट्रेक रविवारी.